कुठेही घासत नाही

२ मे

या घरात मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: पुढचं फाटक (सरकतं, बिनआवाजी). मागचं फाटक (आवाज येतो, पण तो मुद्दाम ठेवलाय, चोर कळावा म्हणून). लेकीचं टेबल, जे भिंतीत मिटतं. टाकीचा स्टँड, ज्यावरच्या दोन टाक्या फुटल्या पण स्टँड हलला नाही. स्वयंपाकघरातली फिरती मांडणी. ती उलट्या बाजूने फिरायला हवी होती हे बायकोने मांडणी झाल्यावर सांगितलं. गच्चीचा लोखंडी जिना, सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या, ज्याला शंका असेल त्याने पट्टी घेऊन यावं. आणि अंगणात उभा आहे तो ठोकळा.

ठोकळा हे नाव बायकोचं. जुनी चौकोनी गाडी, चारही चाकांना जोर जाणारी, भंगारात निघालेली. गेले काही महिने खपून मी ती चार इंच उचलली. स्प्रिंगचे नवे पाटे, लांब शॉकअप, सगळं घरी. मी कुठल्या कोर्सला गेलो नाही. वेल्डिंगसुद्धा असंच शिकलो: पहिल्या वर्षी भुवया जळल्या, दुसऱ्या वर्षी जळल्या नाहीत, तेव्हा आलं असं धरलं.

आता मुद्दा. फाटकं हल्ली कारखान्यातून तयार येतात, रंगासकट. गेल्या महिन्यात वर्कशॉपमध्ये एकच गिऱ्हाईक आलं, आणि त्याला पत्ता विचारायचा होता. बायको शाळेची व्हॅन चालवते म्हणून घर चाललंय. हे वाक्य मी फक्त इथे लिहितो. डोंगरावरच्या मोबाइल टॉवरवाल्यांना पावसाच्या दिवसांसाठी गाडी हवी आहे. माणसं आणि बॅटऱ्या वर न्यायच्या, परत आणायच्या. २८ तारखेला चाचणी. जी गाडी वर पोचेल तिला काम. हे काम मिळालं नाही तर वर्कशॉपचं शटर कायमचं खाली, आणि मी बहुधा व्हॅनमध्ये मुलांची दप्तरं सांभाळणारा माणूस.

दुसरा उमेदवार एकच: ट्रॅव्हल्सवाला. शोरूममधून काढलेली पांढरी गाडी, पांढरा शर्ट, पांढरे बूट. त्याला मी पांढऱ्या म्हणतो.

अडचण इतकीच की गाडी उंच झाली आणि चाकं जुनी, अठ्ठावीस इंची. लेक म्हणाली, "बाबा, पोट सुटलेल्या माणसाने पोराचे बूट घातल्यासारखं दिसतंय." मोठे टायर लागणार.

४ मे

टायरवाल्याकडे गेलो.

"एकतीस घ्या," तो म्हणाला.

"तेहेतीस."

"तेहेतीस बसतील हो. वळतील का, ते विचारतोय."

"तुम्ही टायर विकता. मी गाड्या बनवतो."

"किती बनवल्या?"

"एक."

तो खोकल्यासारखं करत टायरांच्या चळतीमागे गेला. मी तेहेतीस इंचीच घेतले, पाच. पाचवा स्टेपनीच्या जागेत मावत नाही. तूर्त बैठकीच्या खोलीत ठेवलाय. बायकोने बाहेरून आल्यावर त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मला विचारलं, "हे राहायला आलेत की जेवून जातील?"

शाळेला सुट्टी आहे. म्हणजे ती दिवसभर घरी. म्हणजे असं दिवसभर.

७ मे

टायर चढले. चॅसीखाली स्टँड देऊन गाडी अधांतरी केली, एकेक चाक घासून पुसून बसवलं, नट आळीपाळीने समोरासमोरचे आवळले. मग स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत, उजवीकडे शेवटपर्यंत. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माझी दोन बोटं आडवी जातात, आणि माझी बोटं जाड आहेत. नोंद करतो: कुठेही घासत नाही.

लेक दारात उभी होती. "बाबा, गाडी हवेत आहे."

"मग?"

"मग चाकं लोंबतायत. खाली उतरवा, वजन येईल, चाक वर सरकेल. तेव्हा बोटं घालून बघा."

"वजनाने टायर दबतो. म्हणजे जागा वाढते."

"टायर दबतो बोटभर. पाटे दबतात वीतभर."

ही मुलगी माणसांचे गुडघे बरे करायचं शिकते, गाड्यांचे नाही. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तेच सांगतेय. गुडघा पेशंटला आडवं करून तपासला तर ठणठणीत असतो. उभं केलं की बोंब मारतो."

मोजमाप ते मोजमाप. उद्या गाडी खाली उतरवतो.

८ मे

घासते असं म्हणता येणार नाही. आवाज येतो.

९ मे

मडगार्ड कापलं. आधी खडूने रेघ मारली, मग ग्राइंडर, मग कानशीने कडा गोल, मग रंग. असं काम कारखान्यात होत नाही. एवढं करून आवाज आहेच. आडवा होऊन बॅटरी मारली तेव्हा दिसलं: मडगार्डच्या मागे, ड्रायव्हरच्या पावलाशी, जिथे बॉडी चॅसीवर बसते तो कोपरा. गाडी भरलेली असली आणि चाक पूर्ण वळलं की टायर तिथे लागतो. तो कोपरा कापला तर उद्या ड्रायव्हरचे पाय रस्त्यावर.

बायको बाहेर येऊन बघून गेली. "अर्धं मडगार्ड खाल्लंत. उरलेलं रात्रीला ठेवलंय का?"

१० मे

सुटलं. सुचल्यावर मला स्वतःचाच आदर वाटला.

पुढच्या प्रत्येक चाकामागे एक बोल्ट असतो. चाक वळत वळत त्याला टेकलं की थांबतं. तो बोल्ट जितका बाहेर काढावा तितकं चाक लवकर थांबतं. मी दोन्ही बाजूंचे बोल्ट बदलून लांब घातले, बाहेर काढले, नटाने जाम केले, वर पिवळ्या रंगाची रेघ मारली, म्हणजे कोणी हात लावला तर कळेल. आता चाक त्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. गाडीत वाळूच्या गोण्या भरून, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकाला नेऊन, शेजारच्या आजोबांना साक्षीला उभं करून तपासलं. कुठेही घासत नाही.

टायरवाल्याला फोन करून कळवलं. तो म्हणाला, "मग वळते किती?" काही लोकांना आनंद सोसत नाही.

१२ मे

बायको ठोकळा घेऊन दळण आणायला गेली. तासाभराने पायी परत आली.

"गाडी?"

"गल्लीच्या तोंडाशी. आपल्या गल्लीत वळत नाहीये. मी मागे घेतली, पुढे घेतली, मागे घेतली. मागचा रिक्षावाला म्हणाला, ताई, नाचवताय का?"

"सवय नाही तुला."

"मला? चाळीस पोरं भरलेली व्हॅन मी शाळेच्या बोळात रोज उलटी घालते." मग गुडघ्यावर हात ठेवून बसली, त्या पाचव्या टायरवर. लेकीने आता त्याच्यावर उशी टाकली आहे. "आणि अजून एक. काट्यावर चाळीस दिसत होते, पण गाडी त्याहून जोरात पळत होती."

काट्याचं मला माहीत होतं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर तोडतं. काटा चाळीस म्हणतो तेव्हा गाडी सत्तेचाळीसला असते. पण कागद-पेन्सिल न घेता तिला ते कसं कळलं? "बाजूची झाडं बघून," म्हणाली. हे काही शास्त्र नव्हे.

गाडी मीच गल्लीत आणली. पाच हिसक्यांत. पाचवा शेजारच्यांच्या कुंडीला लागला, पण ती कुंडी मुळातच पुढे होती.

१५ मे

डोंगरावर सराव. बायको शेजारी बसली होती, "सोबत म्हणून."

रस्ता म्हणजे दरीच्या बाजूने एका गाडीपुरती कापलेली वाट. उलटसुलट वळणं, केसात अडकवायच्या आकड्यासारखी. पहिल्या वळणावर चाक वळलं, बोल्टाला टेकलं, टक्. गाडी सरळ दरीकडे. थांबलो. मागे घेतली. पुन्हा टक्. ब्रेकही जरा उशिरा लागतात, चाकं जड झाल्यामुळे, अपेक्षितच होतं. बायकोच्या खिडकीतून खालची झाडं वरून दिसत होती.

"उतरा, मी घेते," ती म्हणाली.

इंजिन तापलं होतं म्हणून परत आलो.

घरी येताना ती म्हणाली, "तो बोल्ट थोडा आत घ्या ना."

"मग घासेल."

"घासू दे."

मी गाडी बाजूला घेऊन तिला नीट समजावलं. घासणं म्हणजे काय? घासणं म्हणजे बसवणाऱ्याला काम येत नाही. उद्या टॉवरची माणसं गाडीत बसली आणि खालून खर्र आवाज आला तर ती काय म्हणतील? ती म्हणाली, "आणि दरीत गेली तर? आवाज चांगला आला म्हणतील?"

बोलणं बंद आहे. माझ्याकडून.

१९ मे

कोणीतरी डिझेल चोरतंय. काटा रोज थोडा खाली. टाकीच्या झाकणाला कुलूप केलं (स्वतः). किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक बायकोकडे, म्हणजे सुरक्षित.

लेक म्हणते पहाटे गाडीचा आवाज येतो. मला येत नाही. ग्राइंडरपायी माझा उजवा कान गेलेला आहे आणि मी डाव्या कुशीवर झोपतो. तरी मागचं फाटक मला कळलंच असतं.

२१ मे

ड्रायव्हरची सीट पुढे सरकते. रोज सकाळी बसायला जावं तर गुडघे स्टिअरिंगला. सीटची पट्टी झिजली असावी. दात तपासले, ग्रीस लावलं. उद्या पुन्हा सरकली तर वेल्ड मारतो.

बायको पहाटे फिरायला जायला लागली आहे. चांगलं आहे. गुडघ्यालाही बरं. मी उठतो तोवर परत आलेली असते, चेहरा लालबुंद. बूट मात्र स्वच्छ. ही पाऊल जपून टाकते, पहिल्यापासून.

२४ मे

टायरच्या खाचांत तांबडी माती. आपल्या भागात माती काळी. टायर इतके चांगले पकडतात की पंधरा तारखेची माती अजून सोडलेली नाही. टायरवाल्याला हे सांगायला हवं.

सीट पुन्हा पुढे. वेल्ड मारायला निघालो तर बायको म्हणाली, "अठ्ठावीसपर्यंत राहू द्या हो. चाचणीच्या तोंडावर कशाला खटपट." तिने आपणहून चाचणीचा विचार केला याचं बरं वाटलं.

२६ मे

दोन्ही बोल्टांवरची पिवळी रेघ तुटलेली आहे. नट आणि बोल्ट यांच्यावरच्या रेघा एकमेकींसमोर नाहीत, जरा सरकल्यात. बोल्ट आहे त्या जागीच आहे, मापून पाहिलं. म्हणजे कंपनामुळे नट फिरला आणि कंपनामुळेच परत आवळला गेला. असं होऊ शकतं का, यावर बराच विचार केला. झालंय म्हणजे होऊ शकतं.

पुन्हा रेघ मारली. झोप येत नाही. लेक पाणी प्यायला उठली तेव्हा मी अंधारात पाचव्या टायरवर बसलो होतो. "बाबा, काम नाही मिळालं तर काय होईल?" मी म्हणालो, "मिळेल." ती म्हणाली, "तसं नाही विचारलं." मग माझ्या खांद्यावर थोपटलं, पेशंटला थोपटतात तसं.

२८ मे

सगळं क्रमाने लिहितो.

पांढऱ्याची पाळी आधी होती. त्याने वर जाताना हॉर्न वाजवला, आम्हाला उद्देशून. दोन तासांनी परत आला तेव्हा सायलेन्सर दोरीने बांधलेला होता आणि शर्ट कुठल्याच अर्थाने पांढरा नव्हता. वर एका ठिकाणी पाण्याने रस्ता नेलाय, नुसते दगड उरलेत. तिथे त्याची गाडी पोटावर बसली, चाकं हवेत फिरत राहिली. वळणं मात्र सगळी एका दमात घेतली, हे त्याने आठवणीने सांगितलं.

मग आम्ही. टॉवरची मॅडम पुढे माझ्या शेजारी. वयाने लेकीएवढी, हातात फळी, फळीला कागद. मागे तिचा एक माणूस, सहा बॅटऱ्या आणि माझी बायको. चाचणीला माणसांचं वजन पूर्ण हवं होतं. बायको म्हणाली, "वजन म्हणून मी येते. तेवढं आहे माझ्याकडे."

पहिलं वळण मी घेतलं. तीन हिसक्यांत, पण घेतलं. मॅडमने कागदावर काही लिहिलं. दुसरं वळण जास्त अरुंद. वळवली, टक्. मागे, पुढे, टक्. मागे घेताना बॅटऱ्या सरकल्या. पुढचं डावं चाक कडेपासून वीतभर. एक दगड सुटून खाली गेला आणि बराच वेळ जात राहिला.

मॅडम अगदी सभ्यपणे म्हणाली, "काका, मी उतरून चालत येऊ का?"

माझे हात स्टिअरिंगवर होते. ते मी काढले नाहीत, कारण इंजिन चालू होतं.

मागून आवाज आला, "अहो, एकोणीसचा पाना कुठाय?"

"कशाला?"

"सीटखाली असेल." होता. ती उतरली. गुडघा धरत खाली बसली, डाव्या चाकामागे हात घातला, मग पलीकडे जाऊन उजव्या. मी वरून ओरडलो, "घासेल!"

"घासू दे. टायर आहे तो, आरसा नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोक मागे बॅटऱ्या धरून बसलेत." ती माझ्या दारापाशी आली. "सरका."

मला बाहेर उभं राहून पुढचं चाक पाहणं गरजेचं होतं, म्हणून मी तिला स्टिअरिंग दिलं. तिने सीट पुढे घेतली. गाडी जरा मागे नेली, आतल्या बाजूच्या मातीच्या चढावर मागचं चाक चढवलं. छोट्या टायरने ते चढलंच नसतं. आणि तिथून संपूर्ण वळवली. खर्र आवाज आला. मोठा आला. मी मडगार्डकडे बघत होतो, तोवर गाडी वळून सरळ उभी.

मी मागे बसलो. पुढचं प्रत्येक वळण तिने एका नाहीतर दोन दमात घेतलं. प्रत्येक वेळी खर्र. प्रत्येक वेळी मी मॅडमला सांगत होतो की हा आवाज मुळात नव्हता. "हं," ती म्हणायची, आणि बायकोच्या हातांकडे बघत राहायची.

मग ते दगड आले. पांढऱ्याची गाडी जिथे बसली होती तिथे जमिनीवर तेल सांडलं होतं. आणि इथे, हे कोणी नाकारू शकणार नाही, माझे तेहेतीस इंच आणि माझे चार इंच. गाडी दगडावर चढली, पलीकडे उतरली, पोट कुठेही लागलं नाही. बायको म्हणाली, "डावीकडचा दगड हलतो, उजवीकडून घेते," आणि तसं घेतलं. डावीकडचा दगड हलतो हे तिला काचेतून कसं दिसलं? पुढचं वळण कुठल्या बाजूला, हेही तिला आधीच ठाऊक असल्यासारखं वाटत होतं. व्हॅन चालवून चालवून नजर तयार होत असावी. विचारायचं राहून गेलं.

वर पोचलो. वारा होता. मॅडमने आधी हिचा हात हातात घेतला, मग माझा.

"टायर कोणी बसवले?"

"मी. गाडीही मीच उचलली."

"आणि ते बोल्ट?"

"तेही मीच."

"बरं झालं, निघतील असे लावलेत," मॅडम म्हणाली.

मी त्यावर विचार करतोय.

३० मे

कागद आले. काम आपलं. "चालक" या शब्दापुढे बायकोचं नाव. माझं कुठे, असं फोनवर विचारलं. "देखभाल, काका," मॅडम म्हणाली. देखभाल हा खरं तर जास्त व्यापक शब्द आहे.

बायकोने व्हॅनच्या मालकांना जूनपासून दुसरी बाई बघायला सांगितलं. फोन ठेवून बराच वेळ ओट्याशी उभी होती. मी विचारलं, काय झालं? "काही नाही. सतरा वर्षं पोरांचा गोंगाट होता मागे. आता बॅटऱ्या." मग हसली. "त्या उलटी तरी करणार नाहीत."

मी गाडीखाली गेलो. त्या कोपऱ्यावर जाड रबराचा तुकडा बसवला, गोल कडांचा, चार स्क्रूंनी. अजून घासते. पण आता मऊ घासते. बोल्ट जिथे तिने ठेवले तिथेच ठेवले आणि त्यावर पिवळी रेघ मारली.

१४ जून

रोज दोन फेऱ्या. आज ती वर गेलेली असताना पांढऱ्या घरी आला. शर्ट नवा.

गाडीबद्दल सगळं विचारून घेतलं: पाटे, शॉकअप, टायर. वहीत लिहून घेतलं. माझं काम पाहून कोणी लिहून घेतंय असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मग म्हणाला, "दादा, सरळ बोलतो. ठोकळा मला द्या. आहे तसा, टायरसकट, कामासकट. टॉवरवाल्यांशी मी बोलतो. वहिनींना कशाला त्या दरीच्या काठाने रोज पाठवता? माझ्याकडे पोरं आहेत. तुम्ही वर्कशॉप नवं करा, माझ्या सगळ्या गाड्या उचला. तुमच्यासारखा कारागीर फाटकं बनवत का बसलाय?"

बरोबर बोलत होता. प्रत्येक वाक्य बरोबर. मी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, नको.

"का?"

मला तेव्हा कारण सुचलं नाही. आता सुचलंय: त्याची पोरं क्लच जाळतील.

संध्याकाळी बायको आली, चिखलाने माखलेली, शिट्टी वाजवत. ही शिट्टी वाजवते हे मला माहीत नव्हतं. तिला पांढऱ्याचं सांगितलं. तिने हात धुता धुता मला रक्कम विचारली, मी सांगितली. नळ चालूच राहिला.

"मला विचारायचं तरी."

"काय म्हणाली असतीस?"

"दहाच्या खाली हलू नका म्हणाले असते." मग टॉवेल शोधत म्हणाली, "आणि दहाला हो म्हणाला असतात तर तुम्हाला घराबाहेर काढलं असतं."

लेक विचारत होती, फक्त क्लचसाठी नको म्हणालात? मी म्हणालो, फक्त क्लचसाठी. तिने माझ्याकडे पेशंटकडे बघतात तसं बघितलं आणि आत गेली.

पांढऱ्याने नऊ लाख देऊ केले होते. मी नको म्हटल्यावर रस्त्यापर्यंत जाऊन परत आला आणि साडेनऊ म्हणाला, रोख. नको म्हणालो.